हरवलेल्या दादाची फिल्म : खोलीपासून खडकापर्यंतच्या कामाच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, रविवार, भाऊबीज

आईने संध्याकाळी गॅलरीतून चंद्राला ओवाळलं. ज्या बाईला भाऊ नाही ती चंद्राला ओवाळते. आईला मात्र भाऊ आहे की नाही हेच ४१ वर्षं कोणाला ठाऊक नाही. मामा १९८३ साली "गावाला जाऊन येतो" म्हणून परळच्या खोलीतून निघाला तो गावाला पोहोचलाच नाही. संपात बंद पडलेल्या गिरणीत तो बदली कामगार होता, वय २४. आई तेव्हा १९ वर्षांची.

ओवाळून झाल्यावर आई म्हणाली, "आजी त्याचं नाव रेशन कार्डावरून काढू देत नव्हती. दुकानदाराने 'माणसं किती' विचारलं की सहा सांगायची. आम्ही पाच होतो." हे मी आज पहिल्यांदा ऐकलं. गेली दोन वर्षं बेपत्ता भावावरच्या सस्पेन्स फिल्मची कथा डोक्यात घोळत होती, पण तिला बूड नव्हतं. ते आज मिळालं.

या नोंदी अशासाठी ठेवते आहे, की आठवडाभर नोकरी आणि रविवारी शूटिंग असं करून कोणी तीस-पस्तीस मिनिटांची थरारक फिल्म करायला निघालंच, तर आमचे पैसे आणि वेळ कुठे गेला ते त्यांना आधी कळावं. माणसं आम्ही पाच. मी लिहिणार, दिग्दर्शन करणार आणि कापणार. कॅमेरामन माझा कॉलेजातला मित्र. ध्वनी सांभाळणारी मुलगी रोजंदारीवर, तिच्याच यंत्रांसह. बाकी दोघं पडेल ते करणारी. अंदाजपत्रक २,४०,०००, शूटिंगचे दिवस सहा.

१० नोव्हेंबर

कथा ठरली. करी रोडची चाळ, धाकटी बहीण, आई-वडील आणि एक दिवस रात्रपाळीहून परत न आलेला दादा. रेशन कार्डावर चार नावं. काळ आजचा. आज रेशन कार्डावरच्या प्रत्येक माणसाला दुकानातल्या मशीनवर अंगठा देऊन केवायसी करावी लागते, नाही केली तर नाव कटू शकतं. दादाचा अंगठा राहिलेला. म्हणजे घड्याळ आपोआप लागलं. अमुक दिवसांत तो आला नाही तर कार्डावर तीनच माणसं उरणार. आजीच्या "सहा"चं आजचं रूप मला यात दिसलं.

शेवट सांगून टाकते, कारण पुढची सगळी धडपड त्याच्यासाठी आहे. शेवटच्या प्रसंगात बहीण दुकानात जाते आणि म्हणते, दादाचं नाव काढा. दुकानदार मशीन बघतो. "यांचं झालंय की." ही केवायसी राज्यातल्या कुठल्याही रेशन दुकानात करता येते. कुठेतरी कोणत्या तरी दुकानात दादाने अंगठा लावलेला आहे. तिथे फिल्म संपते.

नियम एकच केला आणि कागदावर लिहून भिंतीला लावला : बहिणीला जेवढं ठाऊक, तेवढंच कॅमेऱ्याला ठाऊक.

२४ नोव्हेंबर

पटकथेचा दुसरा खर्डा एका निवृत्त हवालदार काकांना वाचून दाखवला. वडिलांच्या ओळखीचे आहेत, बेपत्ता माणसांचं काम त्यांनी अनेक वर्षं केलं. दोन तास बसले, चहा दोनदा झाला, आणि पटकथेची १४ पानं बाद झाली.

पहिली चूक. आमच्या पटकथेत ठाणे अंमलदार बहिणीला सांगतो, "२४ तास थांबा, मग या." काका म्हणाले, असा कायदाच नाही. माणूस सापडत नाही म्हटल्यावर त्याच वेळी मिसिंग नोंदवता येते. वर्षानुवर्षं पडद्यावर ऐकून ऐकून लोकांनी तेच खरं धरलंय, आणि त्यापायी पहिला दिवस वाया जातो. तुम्ही परत तेच दाखवू नका. हे मी मनावर घेतलं. आमची फिल्म बघून एखादी बहीण एक दिवस घरी बसून राहिली तर ते पाप आमच्याकडे आलं असतं.

दुसरी चूक. मी बेपत्ता भाऊ १७ वर्षांचा केला होता. काका म्हणाले, अठराच्या आतला असेल तर सगळं प्रकरण बदलतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालापासून अल्पवयीन मूल हरवलं की थेट अपहरणाचा गुन्हा नोंदवून तपास करायचा असतो. सज्ञान माणसाची नुसती 'मिसिंग' होते. वर्णन, उंची, अंगावरचे कपडे, जुन्या जखमेचे व्रण, फोटो. मग ती माहिती सगळ्या ठाण्यांना जाते आणि इस्पितळं, अनोळखी मृतदेह यांच्याशी ताडून बघतात. सज्ञान माणूस आपल्या मर्जीने गेलेला असू शकतो, म्हणून तपासाचा सूरच वेगळा. दादा २६ वर्षांचा झाला. "मर्जीने गेला असेल" हे वाक्य ठाण्यात ऐकल्यावर बहिणीच्या डोक्यात जो किडा शिरतो, तो पुढची अर्धी फिल्म चालवतो.

तिसरी चूक सगळ्यात महाग पडली असती. बहीण मोबाइल कंपनीतल्या मैत्रिणीकडून दादाच्या कॉलची यादी मिळवते असं लिहिलं होतं. काका म्हणाले, ती यादी तपासासाठी पोलिसांना मिळते. मैत्रिणीने दिली तर मैत्रीण आत जाईल. सगळा मधला भाग याच यादीवर उभा होता.

८ डिसेंबर

यादीऐवजी काय, यात दोन रविवार गेले. उत्तर माझ्याच पर्समध्ये होतं. रेल्वेचा पास. दादा करी रोडहून ठाण्याला कामाला जातो, म्हणजे पास मध्य रेल्वेचा हवा. बहिणीला त्याच्या जेवणाच्या डब्याच्या पिशवीत सापडतो तो पश्चिम रेल्वेचा, लोअर परळ ते विरार, आणि तोही तीन महिन्यांचा. एका रात्रीत पळून जाणारा माणूस तीन महिन्यांचा पास काढत नाही. कितीतरी दिवस तो घरी ठाणे सांगून विरारला जात होता. हे सगळं कागदाच्या एका चिटोऱ्यातून कळतं, एकही संवाद लागत नाही.

मी तसाच पास संगणकावर बनवायला घेतला होता. कॅमेरामनने हात धरला. तिकिटाची हुबेहूब नक्कल जवळ बाळगायची आणि ती घेऊन मुंबईत फिरायचं, हे धोक्याचं काम. शेवटी आत्याचा मुदत संपलेला जुना पास घेतला. बोटाखाली नाव झाकलं जाईल आणि 'विरार' तेवढं दिसेल असं धरायचं ठरलं.

५ जानेवारी २०२५

लालबागला मिरची गल्लीच्या मागच्या अंगाला, करी रोडच्या पुलापासून चालत दहा मिनिटांवर खोली मिळाली. दहा बाय बारा, मोरी आत, माळा वर. तीन दिवसांचे १८,००० ठरले. बाहेरच्या चित्रीकरणाच्या परवानग्या गोरेगावच्या फिल्मसिटीतून चालणाऱ्या एक खिडकी योजनेतून मागितल्या. अर्ज करताना जागा, वेळ, माणसं, सामान सगळं नेमकं लिहा. मी वांद्र्याच्या किनाऱ्यासाठी 'बँडस्टँड परिसर' असं मोघम लिहिलं, अर्ज परत आला, आठ दिवस गेले.

लोकलच्या डब्यात शूटिंग करण्याचा खर्च विचारला आणि तो विचार सोडला. चोरून मोबाइलवर उरका, असं दोघांनी सुचवलं. नाही म्हटलं. डब्यातल्या बायकांचे चेहरे त्यांना न विचारता आपल्या थरारपटात घालायचे नाहीत.

१८ जानेवारी, शनिवार. दिवस पहिला

१९८२ चा गिरणी संप याच तारखेला सुरू झाला. सकाळी आईचा फोन आला तेव्हा तिने सांगितलं. मी तारीख मुद्दाम निवडली नव्हती.

नऊला पहिला शॉट लावला आणि मिरची-मसाला कुटणारे डंक सुरू झाले. खोली बघायला आम्ही संध्याकाळी सातला गेलो होतो, तेव्हा गल्ली शांत होती. दिवसा लालबागला मसाल्याचे डंक चालतात हे मुंबईत जन्मलेल्या माणसाला सांगायला लागू नये, पण मी विसरले. धप्, धप्, धप्, जमिनीतून पायाला कळावेत असे. वर मिरचीचा ठसका. आमची नटी एका वाक्यात तीनदा शिंकली. दुपारपर्यंत पाच शॉट झाले, हवे होते चौदा.

ध्वनीवाल्या मुलीने जेवणाच्या सुट्टीत हेडफोन माझ्या कानाला लावले. म्हणाली, "ताई, हा आवाज काढायला बघू नका. ऐका." खोलीत फिल्ममधली आई भाकरी थापते आहे, बाहेर डंक, आणि दोन्हींचा ताल मिळून एक ठोका झालेला. मी गप्प बसले. मग ठरवलं, डंक फिल्मभर ठेवायचा. जिथे भीती वाटायला हवी तिथे तो बंद करायचा. चाळीतल्या माणसाला आवाजाची भीती वाटत नाही, आवाज थांबला की वाटते.

फ्रीज बंद ठेवायचा होता, त्याची घरघर माइकमध्ये येते. परत चालू करायला विसरू नये म्हणून तिने माझ्या स्कूटरची किल्ली फ्रीजमध्ये ठेवली. किल्लीशिवाय घरी जाताच येत नाही, म्हणून फ्रीज आठवतोच. घरमालकाचं दूध नासलं नाही.

१९ जानेवारी. दिवस दुसरा

मागे पडलेलं बरंचसं भरून काढलं. रात्री जिन्यावरचे शॉट घेतले. बहीण वर येते, जिन्यातल्या जुन्या ट्यूबलाइटखाली थांबते आणि दादाच्या मित्राचे चप्पल दाराबाहेर दिसतात. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर सुंदर दिसत होतं. रात्री दीडला घरी फाइल्स मोठ्या पडद्यावर उघडल्या तर भिंतीवरून काळसर पट्टे सरकताना दिसले. कॅमेरामनने आदल्या आठवड्यात दुसरं काम केलं होतं, त्याचं १/६० सेकंदाचं शटर तसंच राहिलेलं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब सेकंदाला शंभरदा उजळते-मंदावते. शटर त्याच्याशी जुळलं नाही की हे पट्टे येतात. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवलं की प्रश्न मिटतो. खोलीत आमचे स्वतःचे लाइट होते म्हणून तिथे वाचलो. जिन्याचे सातही शॉट गेले.

आता रोज पहिल्या शॉटच्या आधी शटरचा आकडा मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने वहीत लिहायचा, असं ठरवलं.

२६ जानेवारी. दिवस तिसरा

प्रजासत्ताक दिन. सकाळी साडेआठपासून चौकात देशभक्तिपर गाणी, दुपारी चाळीत सत्यनारायण. आवाज लागणारे सगळे शॉट दुपारी तीननंतर ढकलावे लागले. कॅलेंडर बघून तारीख घ्यायला हवी होती. मी फक्त रविवार बघितला.

मधल्या वेळात बिनआवाजाचं काम उरकलं. पासवरचं बोट, डब्याची पिशवी, दादाची दोरीवर वाळणारी बनियन, रेशन कार्डाचं पान. संध्याकाळी जिना पुन्हा घेतला, १/५० वर. आधीच्यापेक्षा बरा झाला, कारण नटीला आता त्या पायऱ्या पाठ झाल्या होत्या आणि ती खाली न बघता चढली. आपल्या घराचा जिना माणूस खाली बघून चढत नाही.

एक खटकलं. दादाच्या मित्राच्या हातात विडी ठेवली होती. पडद्यावर धूम्रपान आलं की सुरुवातीला आणि मध्ये इशारा, आणि तो प्रसंग चालू असेपर्यंत तळाशी सूचना ठेवावी लागते. आमच्या सर्वात ताणलेल्या क्षणी खाली ती ओळ आली असती. विडी काढली आणि त्याला शेंगदाणे दिले. तो एकेक शेंग फोडून टरफल खिशात टाकतो. पोलीस ठाण्यातही टाकतो. विडीपेक्षा तेच जास्त अस्वस्थ करतं.

२ फेब्रुवारी. दिवस चौथा, बँडस्टँड

प्रसंग असा : पोलिसांचा फोन येतो, खडकांत एक चप्पल सापडली आहे, ओळखायला या. आम्ही सातला पोहोचलो. साडेआठनंतर पाणी पार आत गेलं, काळे खडक उघडे पडले, शेवाळ चमकत होतं. नटी त्यांच्यावरून तोल सावरत दूर जाते असे लांबचे शॉट दहापर्यंत घेतले. इतकं चांगलं मी आजवर काही टिपलेलं नाही. ऊन चढलं तसं जवळचे शॉट पुढच्या रविवारी, याच वेळी घ्यायचे ठरवून सामान आवरलं.

९ फेब्रुवारी. दिवस पाचवा, वाया

याच वेळी म्हणजे नऊला पोहोचलो आणि खडक नव्हते. पाणी कठड्याच्या पायथ्याशी. चार तास थांबलो तरी चप्पल ठेवायला जागा उघडी पडली नाही. कॅमेरा ६,५००, ध्वनी ६,०००, रिक्षा आणि नाश्ता ३,२००, मिळून १५,७०० पाण्यात गेले, आणि सात माणसांचा रविवार गेला.

तिथे जाळं नीट करत बसलेल्या एका कोळी काकांना विचारलं, हे उघडं कधी होईल. त्यांनी उलट विचारलं, "आज तिथी काय?" मला माहीत नव्हती. "बारस. बाराला पाऊणने गुण. किती आले? नऊ. नऊला भरती. सकाळी नऊ, रात्री नऊ. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी." मी फोनमध्ये मागचा रविवार काढला. माघ शुद्ध पंचमी. पाच गुणिले पाऊण, पावणेचार. पावणेचारला भरती, म्हणजे पावणेदहाच्या सुमारास ओहोटी. म्हणूनच आम्हाला खडक मिळाले होते. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते हे शाळेत शिकले होते, पण शूटिंगचं वेळापत्रक करताना ते कामाला लावायचं सुचलं नाही.

काकांना सोबत ठेवून पुढचा दिवस काढला. १६ तारीख, वद्य चतुर्थी. चार गुणिले पाऊण, तीन. तीनला भरती, नऊला ओहोटी. मागच्यासारखीच सकाळ.

मुंबईच्या किनाऱ्यावर काही टिपायचं असेल तर आधी तिथी बघा, मग छापील भरतीचं कोष्टक बघून मिनिटं पक्की करा. आणि पाण्यावर नजर ठेवायला एक माणूस वेगळा नेमा, त्याला दुसरं काम देऊ नका. भरती मागून येते आणि कॅमेऱ्यात डोळा असलेल्याला कळत नाही.

१६ फेब्रुवारी, संकष्टी. दिवस सहावा

नऊला खडक उघडे. जुळलं. नटीचा उपास होता, तिच्यासाठी आणलेली साबुदाण्याची खिचडी सगळ्यांनीच खाल्ली.

चप्पल दादाची नसते. लिहिताना मी "ती सुटकेचा श्वास सोडते" असं लिहिलं होतं. नटीने दोन टेक तसे दिले, दोन्ही खोटे वाटले. तिसऱ्यात तिने चप्पल हातात घेतली, तळवा बघितला, अंगठ्याची खूण बघितली आणि ती पुन्हा होती तशी, सरळ, पाणी लागणार नाही अशा जागी ठेवली. ती चप्पल दुसऱ्या कोणाच्या तरी भावाची आहे. हे मी लिहिलं नव्हतं, तिला सुचलं. तोच टेक ठेवला आहे.

२३ फेब्रुवारी. दिवस सातवा, लोकलची खिडकी

कुर्ल्याच्या भंगारवाल्याकडून लोखंडी आडव्या गजांची चौकट आणि पत्रा घेतला, सुताराने बाकडं केलं, सगळं मिळून ६,८००. मित्राच्या गोदामात अंधार करून मांडलं. दोघं बाकडं हलवतात, एक जण पुठ्ठ्याला भोकं पाडून ते लाइटपुढून सरकवतो, एक जण पंखा धरतो.

पहिले दोन तास ते खोटंच दिसत होतं. कारण शोधायला वेळ लागला : उजेड एकाच वेगाने सरकत होता. लोकल स्टेशनात शिरताना हळू होते, उजेड रुंद होतो आणि रेंगाळतो. दोन स्टेशनांच्या मधे तो तुटक आणि भराभर येतो. मग कॅमेरामनने फोनवर प्रवासाचा आवाज लावला आणि पुठ्ठा धरणाऱ्याने त्या आवाजावर हात चालवला. लगेच गाडी चालू झाली. बाहेरचं एकही चित्र नाही, तरी बघणाऱ्याला बोरिवली गेल्यासारखं वाटतं.

९ मार्च. दिवस आठवा, रेशन दुकान

खरं दुकान मिळालं, दुपारी एक ते चार, ६,०००. मशीन मात्र मागायचंच नाही हे आधीच ठरलं होतं. ते सरकारी कामाचं आहे, लोक त्यावर अंगठे देतात. दुसऱ्या यंत्राचं रिकामं खोकं दुकानदाराच्या हाताआड ठेवलं आणि फक्त मागची बाजू दाखवली. स्क्रीन दाखवायचीच नाही, कारण बहिणीलाही ती दिसत नाही. नियम इथे आपणहून मदतीला आला.

शेवटच्या वाक्याचे १९ टेक झाले. दुकानदार झालेले नट नाटकातले. "यांचं झालंय की" म्हणताना ते थांबत होते, बातमी सांगितल्यासारखं बोलत होते. एकोणिसाव्याला मी त्यांना सांगितलं, तुमच्या मागे बारा माणसं रांगेत आहेत आणि तुम्हाला जेवायला जायचंय. मान वर न करता बोलले. झालं.

३० मार्च, गुढीपाडवा

पहिली जोडणी ५२ मिनिटांची. कंटाळवाणी. एकदाही छातीत धडधडलं नाही. आठवडाभर मी लांबी दोषी धरून एकेक शॉट आखूड करत बसले. ४६ वर आली, तरी तीच गत.

२० एप्रिल

अकरा जणांना बसवून दाखवली आणि प्रत्येकाला कागद दिला : ज्या मिनिटाला कोणावर संशय आला ते मिनिट लिहा. आठ जणांनी मित्राचं नाव लिहिलं, सगळ्यांनी ९ ते ११ मिनिटांमध्ये. तिथे काय आहे ते बघितलं. मित्र एकटा गल्लीत उभा राहून कोणाशी तरी फोनवर बोलतो, खाली गंभीर संगीत. बहीण त्या प्रसंगात नाहीच. मग हे कोण बघतंय? भिंतीवरचा नियम मीच मोडला होता. बघणाऱ्याला वाटलं, दिग्दर्शिका आपल्याला काहीतरी सांगते आहे. मित्र शेवटी निर्दोष निघाल्यावर त्यांना फसवल्यासारखं वाटलं. सहा जणांनी तसं लिहिलंय.

मग पूर्ण फिल्म याच एका प्रश्नावर तपासली. दादाचे लहानपणीचे दोन प्रसंग गेले. दादा विरारच्या फलाटावर उभा, हा शॉट गेला. तो नसण्याची फिल्म आहे, आणि मी त्याला तीनदा दाखवत होते. मित्राचा फोन गेला. एवढ्यानेच १२ मिनिटं निघाली, आणि पहिल्यांदा, पास सापडतो तिथे, माझ्याच अंगावर काटा आला. गाळलेलं टिपायला सव्वा दिवस आणि सुमारे ४०,००० गेले असतील. पटकथा हातात असताना प्रत्येक प्रसंगाच्या कडेला 'हे कोण बघतंय' एवढं लिहिलं असतं तर वाचले असते.

११ मे

आईला दाखवली, ३४ मिनिटांची. ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "रात्री दाराला कडी का लावतात ती?" मला कळेना. "आजी लावत नव्हती. तो रात्री आला तर वाजवायला लागू नये म्हणून. बारा वर्षं नुसतं लोटून घेत होती."

आमच्या फिल्ममध्ये रात्रीच्या प्रत्येक प्रसंगाआधी कडीचा ठसठशीत आवाज आहे. भीती वाढवायला मीच घालून घेतला होता.

कडीचे चारही आवाज काढले. आता दार फक्त लोटलं जातं, आणि पुढे वाऱ्याने ते जरासं हलतं. भीती दुप्पट झाली आहे. पुन्हा शूटिंग लागलं नाही. चार रात्री मात्र दाराचे शॉट अशा जागी कापण्यात गेल्या की कडीवर गेलेला हात दिसू नये.

८ जून

ध्वनीमिश्रण. खोलीची शांतता वेगळी टेप करायची राहून गेली होती, म्हणजे कोणी बोलत नसताना खोलीत जो सूक्ष्म आवाज असतो तो. त्याशिवाय डंक थांबल्यावर फिल्म बहिरी होते. मे अखेरीस चाळीत जाऊन घेऊ म्हटलं, पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. यंदा तो २६ मेलाच मुंबईत दाखल झाला. २७ ला गेलो तर पत्र्यावर पावसाचा ताशा. परत आलो. ध्वनीवाल्या मुलीने जानेवारीच्या शॉटांच्या शेपट्या तपासल्या. 'कट' म्हटल्यानंतर माणसं हलेपर्यंतचे दोन-तीन सेकंद. असे वेचून ४० सेकंद जमवले आणि तेच फिरवले. तिचा दीड दिवस गेला. प्रत्येक जागी शूटिंग संपल्यावर सगळ्यांना जागच्या जागी उभं करून एक मिनिट टेप चालू ठेवा.

२२ जून

हिशेब लागला. कॅमेरा ५२,०००, लाइट पाच दिवसांचे १७,५००, ध्वनी ४८,०००, नट आणि मदतनीस ७०,०००, जेवण-प्रवास ४६,५००, खोली आणि दुकान मिळून २४,०००, लोकलची चौकट ६,८००, दोन हार्ड डिस्क १३,२००, रंग आणि अंतिम ध्वनी ६०,०००. एकूण ३,३८,०००, म्हणजे अंदाजापेक्षा ९८,००० जास्त. सहा दिवसांचे आठ झाले. संकलनाला दोन महिने धरले होते, जवळपास साडेतीन लागले.

रात्री श्रेयनामावली बघायला आईला बोलावलं. शेवटी मामाला अर्पण केली आहे. नामावली करणाऱ्या मुलाने त्याच्या नावाआधी 'कै.' लावलं होतं. त्याने चांगल्या भावनेनेच लावलं, आणि मी दहा वेळा बघूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं. आईने पडद्यावर त्या अक्षरावर बोट ठेवलं.

काढलं. फाइल पुन्हा एक्स्पोर्टला लावली, ४१ मिनिटं लागली. दोन्ही डिस्कवर नवी प्रत टाकली, जुनी पुसली.